केशरबाईची वही

"मावशी, तुम्ही भलतंच बटण दाबता. लिहून द्या, म्हणजे विषय संपेल," यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या कौस्तुभनं कागद पुढं सरकवला. त्यावर छापलं होतं : 'यंत्राच्या हाताळणीत चूक.' खाली सहीची जागा. सही झाली की पौडजवळच्या या डेअरीतलं केशरबाईचं काम सुटणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुधातली फॅट मोजणारी पेटी अकरा दिवस रोज सकाळी बंद पडत होती. स्क्रीनवर इंग्रजी ओळींचा ढीग यायचा, मिनिटभरात सगळं काळं व्हायचं आणि पेटी पुन्हा पहिल्यापासून सुरू. खिडकीबाहेर किटल्या घेऊन उभे असलेले लोक केशरबाईलाच बोल लावायचे.

कौस्तुभच्या जवळच्याच चांदे गावातल्या ऑफिसात तसलीच पेटी मुकाट चालत होती. इथं पेटीच्या सॉफ्टवेअरचा गाभा, म्हणजे कर्नल, कोसळतो, एवढंच कळत होतं. का, ते कळत नव्हतं. कोसळण्याची नोंद पेटी बंद पडली तरी टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत उतरायला हवी, पण तिथं दर वेळी कोरंच.

"निदान फोटो तरी काढायचात!" तो खेकसला.

"कशानं? ह्यानं?" केशरबाईनं बटणांचा फोन टेबलावर आदळला. "वहीत उतरून घेतलंय मी."

"इंग्रजी येतं तुम्हाला?"

"न्हाई येत. डोळं हायेत ना!"

वहीत अकरा ओळी होत्या. अक्षरं लिहिलेली नव्हती, चितारलेली होती. कंस, टिंबं, आडव्या रेघा, सगळं जागच्या जागी.

"काळं व्हईस्तवर एकच वळ व्हायची," ती म्हणाली. "मंग दुसऱ्या दिशी तिच्या खालची."

कौस्तुभचं बोट आठव्या ओळीवर थांबलं. तिथं फ्लॅश मेमरीत नोंदी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचं, ड्रायव्हरचं, नाव होतं. नोंद लिहिणाराच आधी पडत होता, मग नोंद उरणार कशी? आणि तो ड्रायव्हर कौस्तुभनंच लिहिला होता.

त्यानं गुपचूप मोबाइल काढला. केशरबाईनं वहीवर पंजा ठेवला.

"फोटू न्हाई. तुझा त्यो कागद उलटा कर. त्याच्या पाठीवर उतरव. हितंच, माझ्यासमोर."

बाहेर किटल्या वाजत होत्या. कौस्तुभनं कागद उलटा केला आणि पेन उघडलं.

"दमानं लिव," केशरबाई म्हणाली. "हाताळणीत चूक व्हायला नगं."