हैसमची आई

जीव वाचवणाऱ्याचा सन्मान करायला जॉर्डनमधल्या आमच्या इर्बिदच्या इस्पितळाने कधीच उशीर केला नाही. या खेपेला चारच महिने लागले. परक्या बाईला नावाने हाक मारणं आमच्याकडे बरं दिसत नाही; थोरल्या मुलाची आई म्हणूनच हाक मारतात. चार महिन्यांपूर्वी नर्स इब्तिहालने "हैसमच्या आई!" म्हटलं, तर भलत्याच हैसमच्या आईने "ओ" दिली. रक्ताची पिशवी जोडता जोडता इब्तिहालने रक्तगट ताडून पाहिला, हात आखडला आणि आपली चूक आपणच लिहून दिली.

प्रमाणपत्र देताना संचालक म्हणाले, "माग पोरी, काय हवं ते!"

"पेशंटच्या मनगटाला नावाच्या पट्ट्या, डॉक्टर. आज पुन्हा दोन हैसमच्या आया आल्यात."

संचालकांनी कारकुनाकडे पाहिलं.

"शाई संपलीय, डॉक्टर. प्रमाणपत्र रंगीत छापलं ना."