विरजणाची आरोळी

आमच्या फ्योर्डकाठच्या, डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीवरच्या गावात घरच्या बिअरला यीस्टचं विरजण लावताना जोरात आरोळी ठोकतात. आरोळी जितकी दणदणीत, तितकी बिअर कडक. "पण पोरी किंचाळल्या की विरजण मरतं," असं शेजारचे ओड्वारकाका शपथेवर सांगतात.

आज आमची नवी बिअर चाखायला सगळे शेजारी कोठारात जमले. काकांनी लाकडी मग एका दमात रिकामा केला आणि लगेच पुन्हा माझ्या आजोबांपुढे केला.

"म्हाताऱ्या, जिंकलास! माझं विरजण यंदा मेलंय, तुझंच दे थोडं." आमच्याकडे याहून मोठं कौतुक नाही. "पण तुझा तर घसा गेलाय. आरोळीला कुठला गडी आणलास?"

आजोबांनी हसत माझ्याकडे बोट दाखवलं.

काकांचा मग ओठांशीच थांबला. "ही? हिला तर अजून प्यायचीसुद्धा परवानगी नाही!"

"प्यायची नाहीये," मी म्हणाले. "ओरडायची मी मागितलीच नाही."

सगळं कोठार खदखदून हसलं. काकांनी मगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं बाई. विरजण देणार ना?"

"देते की. फक्त लावताना मला बोलवा. त्याला आता माझ्याच आवाजाची सवय झालीय."