फवारणीच्या दिवसांतलं निदान

सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की बेंबळीच्या डॉक्टर यज्ञेशना घामाघूम होऊन उलट्या करणारा प्रत्येक पेशंट विषबाधेचाच वाटायचा, आणि आपल्या या नजरेचा त्यांना अभिमानही होता. म्हणून ज्ञानोबा तसेच आले, तेव्हा तपासायच्या आधीच त्यांचं निदान ठरून गेलं.

"फवारणी केलीत ना?"

"न्हाय हो, म्या ह्या हप्त्यात रानाकडं गेलोच न्हाय."

मग नक्कीच फवारणीचं औषध प्यायलेत, असं डॉक्टरांनी ताडलं. सोबत आलेल्या त्यांच्या बायकोला, कमलबाईंना, बाहेर बसवून, ज्ञानोबांचा हात हातात घेऊन, आयुष्य किती मोलाचं असतं ते त्यांनी मनापासून समजावलं. ज्ञानोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता कबूल करणार, म्हणून डॉक्टर पुढं वाकले.

"लई चांगलं बोलता, डॉक्टर," ज्ञानोबा कण्हत म्हणाले, "पर माझ्या छातीत दुखतंय, त्येचं बगा की आधी."

ईसीजी काढला तर हार्ट अटॅक! धाराशिवला वेळेत पोचवलं म्हणून ज्ञानोबा वाचले. डॉक्टरांना मात्र स्वतःचीच लाज वाटली. पुन्हा असं डोळे झाकून निदान करायचं नाही, अशी त्यांनी शपथच घेतली.

पुढच्याच आठवड्यात कृष्णराज नावाचा शेतकरी उलट्या करत आला, तेव्हा डॉक्टरांनी एक शब्द न विचारता त्याला ईसीजीला झोपवलं.

 

"डॉक्टर, छाती ठणठणीत हाय माझी," तो कळवळून म्हणाला, "फवारताना औषध अंगावर सांडलंय!"