हललेले फोटो

"कॅमेरा तं एकदम ओके आहे, काका," अंकुश तिसऱ्यांदा म्हणाला आणि देवरावांच्या मस्तकात तिडीक गेली.

"मंग फोटो काहून हलून राहिले गा? चाळीस वर्षं झाली मले या धंद्यात. आजवर एक फोटो हलला नाही."

अंकुश सर्व्हिस सेंटरचा दुरुस्तीवाला. त्यानं कॅमेरा स्टँडवर लावून भिंतीवरच्या तक्त्याचे दहा फोटो काढून दाखवले. दहाही लख्ख. दुखणेकऱ्यानं डॉक्टर दिसताच टुणटुणीत उठून बसावं, तसा हा कॅमेरा इथं आला की शहाणा व्हायचा. प्रताप नगरच्या स्टुडिओत परत नेला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बारशाचे फोटो हलले म्हणून मनोहररावांनी अल्बम परत केला होता. नंतर त्यांच्या घरच्या साखरपुड्यात दुसराच फोटोग्राफर मिरवताना दिसला. आता रविवारी कन्हानला जुन्या मित्राच्या, संघपालच्या मुलीचं लग्न. तेही फोटो हलले, तर स्टुडिओला कुलूपच लावायचं. आणि वॉरंटीचे उरले होते चार दिवस.

देवरावांचा संताप हल्ली घरापासूनच सुरू व्हायचा. सकाळी शर्टाची बटणं लागता लागेनात. बायकोनं, इंदूबाईंनी, ती लावून देता देता बजावलं होतं, "एवढा राग बरा नाही जी. हात कसे कापून राहिले, पाहा."

काउंटरवरच्या करिष्मानं चहा दिला, तर त्यांच्या हातून अर्धा काउंटरवरच सांडला. काका फारच भडकलेत हे पाहून तिनं आतून साहेबांना बोलावलं. देवरावांनी त्यांना सगळं ऐकवलं. हादरे सावरणारा पार्टच कच्चा आहे, तीन चकरा झाल्या, आता थेट ग्राहक मंचात जाईन. साहेबही कटकटीला कंटाळले असावेत. बदलून नवा द्या, म्हणाले आणि आत गेले.

देवरावांचा विश्वासच बसेना. दगडाला पाझर फुटला म्हणायचा. त्यांनी अंकुशची पाठ थोपटली, करिष्माला लग्नाचं आवतण दिलं, वर उरलेला गार चहाही गोड मानून प्यायले. कितीतरी दिवसांनी त्यांना हलकं हलकं वाटत होतं.

"आता फक्त सही," म्हणत करिष्मानं फॉर्म पुढे सरकवला. त्यांनी सही केली. तिनं ती वॉरंटी कार्डावरच्या, वर्षभरापूर्वीच्या सहीशी ताडून पाहिली.

"जुळत नाही, काका. मुंबईवाले फॉर्म परत पाठवतात. आणखी एकदा करा."

त्यांनी पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा. कार्डावरची सही वळणदार, एका दमात केलेली. फॉर्मवरच्या तिन्ही करवतीसारख्या दातेरी.

"राग सोडा, काका," करिष्मा समजुतीनं म्हणाली. "शांतपणे करा. काही घाई नाही."

देवराव हातातल्या पेनाकडे पाहत राहिले. राग तर केव्हाचाच उतरला होता.