बोट

“दादा, या फोनमध्ये एनएफसी आहे का बघा ना. नुसतं टेकवलं की चालतं, ते.”

“पैसे द्यायलाच ना? मग स्कॅन करा की!” कुरकुरतच मी दुकानाच्या काउंटरवरून त्या गिऱ्हाइकाचा फोन घेतला नि सेटिंग उघडलं. होतं, पण बंद होतं. चालू करून दिलं.

त्यानं सोबतच्या लेकीची बाही वर सारली. दंडावर शुगर मोजणारा सेन्सर चिकटवलेला होता. फोन टेकवला, तर काहीच नाही. त्याचा चेहरा उतरला. मी फोनच्या कव्हरची आड येणारी लोखंडी रिंग उपटली. पुन्हा टेकवला. टुंग! आकडा आला.

“देवासारखे भेटलात, दादा. रोज बोट टोचून टोचून पोर माझ्या हातात हात देईना झाली होती.”

लेकीचे हात अजून पाठीमागेच होते. “म्हणजे आता बोटाला सुई नाही, बाबा?”

“नाही गं राणी.”

दुकानाची पायरी उतरताना तिनं आपणहून त्याचं बोट धरलं.