पाहुण्यांची तालीम

त्याचे पणजोबा बोटीच्या पोटात कोळसा ओढत. आजोबा बोटीवरचा मुदपाकखाना सांभाळत, आणि वडील तारायंत्रापाशी बसून भर दर्यातून निरोप धाडत. तिघांचीही भाकरी पाण्यावरची. लेकराचा पहिला दात पाहणे एकाच्याही नशिबी नव्हते. हा चौथ्या पिढीतला मात्र परदेशी आला तो लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर म्हणून. शनिवार उजाडला की हत्यारांची पेटी पलंगाखाली सारायची आणि दोन दिवस पोरीचा घोडा व्हायचे, हा त्याचा नेम.

त्या शनिवारी घोड्याला सुट्टी होती. बायकोची शाल डोक्यावरून घेऊन तो स्वतःच्याच दाराबाहेर उभा राहिला आणि त्याने घंटी वाजवली. पावणेतीन वर्षांच्या पोरीने, म्हणजे खारूताईने, टाचा उंचावून दार उघडले, "या, बसा" म्हणून खेळण्यातला रिकामा कप पुढे केला. इथवर सारे बिनचूक. मात्र पाहुणीच्या मांडीवर बसायची वेळ आली तशी ती सोफ्यामागे पसार झाली.

"पाहुणे चावतात, अण्णा," ती तिथून म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"मीच."

त्याने शाल सारखी केली आणि तो पुन्हा दाराबाहेर गेला.

खरे पाहुणे रविवारी पाच वाजता यायचे होते: त्याचा लहानपणापासूनचा सोबती, आणि दोन वर्षांहून अधिक काळ इस्पितळाच्या खाटेवर काढून नुकती उठलेली त्या सोबत्याची बायको. मागच्या महिन्यात ती पहिल्यांदा आली, तेव्हा खारूताईने घर डोक्यावर घेतले होते. बाई चहाला हातही न लावता लिफ्टकडे वळली. लिफ्ट तळमजल्याला टेकेपर्यंत तिचे हुंदके वर ऐकू येत होते. या खेपेस पोरीने तिच्या मांडीवर बसावे आणि रडू नये, याखेरीज त्याला काही नको होते.

त्याची बायको कवळ्या बनवण्याच्या कार्यशाळेत कामाला होती. एका केसाचाही फरक तिच्या नजरेतून सुटत नसे. तालमीकडे पाठ करून ती इस्त्री करत होती. तळघरातल्या यंत्रात तिने पोरीचे झाडून सारे कपडे धुऊन आणले होते. मग निळ्या झग्याची दुमड उसवून तिने तो दोन बोटे लांब केला. झगा थंडीतला, एवढी घाई कशाला, असे त्याने विचारले. आत्ताच झालेले बरे, एवढेच ती म्हणाली आणि तिने दाताने दोरा तोडला.

दुपारी तिघे बागेत गेली. तिथे कोणाची भाषा कोणाला कळत नसे, आणि त्यावाचून कोणाचे अडतही नसे. उन्हाला घाई नव्हती. खारूताई साबणाचे फुगे सोडत होती आणि प्रत्येक फुगा कुठे निघाला ते त्याला विचारत होती. एक आजोळी निघाला, एक कामावर, एक नुसताच हिंडायला. सांगता सांगता त्याचे डोळे मिटले. गवतावर पडल्या पडल्या त्याला वाटले, आपणही एखाद्या फुग्यातच आहोत, आणि श्वास जपून घ्यायला हवा.

संध्याकाळी न्हाताना पोरगी ओरडली, "आई, डोळ्यात साबण."

"माई म्हणावं," त्याची बायको म्हणाली. स्वर कडक होता, हात मात्र हलकेच डोळे पुसत होते.

जुन्या वळणाच्या घरांतून अण्णा-माई अशाच हाका चालतात. पोरगी मुकाट्याने माई म्हणाली आणि तांब्याने स्वतःच्या गुडघ्यांवर पाणी ओतत बसली.

रविवारी दुपारी ती त्याच्या छातीवर झोपली. पडदा वाऱ्याने फुगत होता, पुन्हा बसत होता. भिंतीवरचा उजेड पाण्यासारखा हलत होता. घड्याळाचा काटा पुढे सरकतो आहे हे त्याला ठाऊक होते. त्याने तिकडे पाहिलेच नाही.

"हात अवघडला असेल तुमचा," बायको म्हणाली. "निजवा की खाली."

"असू दे थोडा वेळ."

तीही मग तिथेच टेकली आणि पोरीच्या तळव्यावर अंगठा ठेवून बसून राहिली.

पाचाला घंटी वाजली.

खारूताईने दार उघडले, "या, बसा" म्हटले आणि कप पुढे केला. पाहुणी जिथे होती तिथेच, पायपुसण्यावर गुडघे टेकून बसली. तिने हात पसरले नाहीत, जवळ ओढू पाहिले नाही. रिकामा कप तोंडाला लावून ती सावकाश सगळा प्यायली, आणि मग तिने गंभीरपणे विचारले, "अजून मिळेल?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. खारूताईने तिच्याकडे नीट पाहिले. पाहुणी चावेलशी दिसत नव्हती. आत धावत जाऊन तिने कप पुन्हा नुसत्या हवेने भरून आणला, आणि सांडू नये म्हणून, तो दोन्ही हातांत धरून, तिच्या मांडीवर जाऊन बसली.

मग त्याच्या बायकोने एक पाऊल पुढे टाकले.

"खारूताई," ती म्हणाली, "ही तुझी आई. आता हिच्या घरी राहायचं."

हे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, असे काहीसे दारातला सोबती पुटपुटला.

"कसले उपकार?" खारूताईचा अण्णा म्हणाला. "माझी आई बाळंतपणातच अंथरुणाला खिळली, तेव्हा काकूंनी, तुझ्या आईनं, तुझ्याबरोबर मलाही अंगावर पाजलं, आणि तीन वर्षांनी ती उठली तशी मला तिच्या मांडीवर नेऊन ठेवलं. आज त्यांचं दूध फिटलं."