चुकीची खूण

"आधी त्याने विमानातून माणसाला बाहेर फेकणारी खुर्ची केली आणि मग मोटारीत माणसाला धरून ठेवणारा पट्टा. ओळखा, कोण?"

मुलीने खूण दिली आणि बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. बाबा पलंगावर उशीला टेकून पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

मेंदूत रक्ताची गुठळी झाली तेव्हापासून बाबांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. हात सुधारला, पाय सुधारला, वाचा तेवढी रुसून बसली. बोलायला शिकवणाऱ्या बाई रोज सकाळी कप, मांजर, छत्री अशी चित्रं घेऊन यायच्या. ज्या माणसाची अख्खी हयात मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या आखण्यात गेली, त्याच्या नाकासमोर मांजर धरल्यावर तो काय बोलणार? बाबा सरळ भिंतीकडे तोंड फिरवायचे. आज बाईंनीही हात टेकले. आवाज आहे, इच्छाच नाही, असं त्या जाताना म्हणाल्या. उद्या एकदा शेवटचं बघायचं, नाहीतर येणं बंद.

म्हणून मुलीने घरातला जुना खेळ बाहेर काढला होता. ती लहान असल्यापासून जेवणं झाली की तो रंगायचा. मोटारीतली एखादी वस्तू घ्यायची आणि ती करणारा इंजिनिअर ओळखायचा, तोही कोणाच्या खिजगणतीत नसलेला. ज्यांची नावं कारखान्यांना लागली ती बडी मंडळी बाद. एक नियम मात्र खास बाबांचा होता. कोणी चुकीची खूण दिली आणि ती पकडली गेली, तर डाव पकडणाऱ्याचा. चूक पकडण्यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्यामुळे डाव बहुतेक त्यांच्याकडेच असायचा.

आई ह्या खेळात कधी बसली नाही. मेलेल्यांची विचारपूस झाली असेल तर जिवंत माणसाला जरा भांडी विसळू लागा, असं ताटं उचलताना ऐकवायची, एवढाच तिचा सहभाग.

मुलीने दुसरी खूण दिली. ट्रामच्या चालकाला खिडकी उघडून काच पुसताना बघितलं आणि एका बाईला वायपर सुचला, ती कोण? खूण अगदी चोख होती. बाबांनी डोळे मिटून घेतले आणि मुलीला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

आई वाळलेले टॉवेल घेऊन आत आली, पलंगाच्या कडेला टेकली आणि घड्या घालू लागली. "मी विचारते एक," ती म्हणाली. "एक इंजिनिअर होता. ठार बहिरा."

मुलीने चटकन आईकडे बघितलं. ही खूण ह्या घरात इतक्यांदा दिली गेली होती की भिंतींनासुद्धा पाठ असेल. ती चूक सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात टॉवेलखालून आईने तिचा हात दाबला.

"त्याचा एक मित्र होता," आईने टॉवेल झटकला. "गाडी चालवताना बोलायला लागला की गाडी भरधाव सोडायचा."

बाबांचे डोळे उघडले होते. कपाळावर आठी पडली होती. कोणाचा आराखडा चुकला की पडायची तीच ती, आणि मुलीने ती कितीतरी दिवसांत बघितली नव्हती.

"मग काय," आई आरामात म्हणाली, "त्या बहिऱ्याने वैतागून हॉर्न शोधून काढला."

"आंधळा."

आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा करकरला. आईच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

"कोण आंधळा?" तिने विचारलं.

"तो. आंधळा." बाबांनी उशीवरून पाठ उचलली. शब्द एकेक करून ओढून काढावा लागत होता, पण ते थांबायला तयार नव्हते. "मित्र... बोलताना हळू. ऐकताना... जोरात. हॉर्न नाही. वेग. वेग... एकसारखा ठेवायचं यंत्र." आणि मग त्यांनी त्या इंजिनिअरचं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि वर गादीवर एक थाप मारली.

मुलगी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिला आत्ता उठून घरभर नाचावंसं वाटत होतं. उद्या त्या बाईंना दारातच गाठून सांगायचं, मांजर परत न्या.

"तू मुद्दाम चुकलीस," ती आईच्या कानात म्हणाली.

"इतकी वर्षं संसार केलाय," आई हळूच म्हणाली. "बरोबर बोललेलं ह्यांना कधी ऐकू गेलंय?"

"डाव," पलंगावरून तक्रार आली. "डाव माझा."

नियम तो नियम. आईने टॉवेलांचा ढीग बाजूला सारला, खुर्ची ओढली आणि त्या खेळात पहिल्यांदा रीतसर बसली. बाबांनी खूप वेळ शब्द गोळा केले.

"बिजागरी," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "दार... लागताना... वाजत नाही."

हे उत्तर तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी "बाबा, तुम्ही!" म्हणणारच होती, तोच आईने पुन्हा तिचा हात दाबला.

"कोण बरं असेल?" आई डोकं खाजवत म्हणाली. "काही केल्या आठवत नाही बाई. अजून एक खूण द्या."